केळीचा जिवाणूजन्य मर: इथिओपियाच्या डोंगरातून युगांडाच्या बागांपर्यंत

केळीचा मर, म्हणजे झाड सुकवून मारणारा रोग, म्हटले की आपल्याकडच्या बागायतदाराच्या डोळ्यांसमोर पनामा मर येतो. तो बुरशीचा. पूर्व आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांना 2001 पासून छळणारा मर वेगळा आहे, तो झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे होतो. पनामा मर फळाच्या आत शिरत नाही, हा शिरतो. घड वेळेआधीच पिकू लागतो, तोही एकसारखा नाही. एकाच फणीत दोन केळी पिवळी, शेजारची हिरवीगार. हिरवे केळे चिरले तरी गर तांबूस-तपकिरी निघतो. रोगट खोड आडवे कापून पाच-दहा मिनिटे थांबले की कापावर फिकट पिवळे, चिकट थेंब जमतात. ते थेंब म्हणजे जिवाणूंचाच लगदा. पुढची सगळी कहाणी या थेंबांची आहे.

तिची सुरुवात झाली इथिओपियात, आणि तीही केळीवर नाही. तिथे एन्सेट नावाचे केळीचे एक भाऊबंद पिकते. त्याची फळे कोणी खात नाही. खोड आणि कंद यांतला स्टार्च काढून, आंबवून त्याची भाकरी करतात. दक्षिण इथिओपियातल्या कोट्यवधी लोकांचे पोट त्यावर चालते. या एन्सेटवरच्या रोगाचे शास्त्रीय वर्णन यिरगू आणि ब्रॅडबरी यांनी 1968 मध्ये केले, आणि 1974 मध्ये तोच जिवाणू तिथल्या केळीवरही सापडल्याचे त्यांनीच नोंदवले. त्यानंतर जवळजवळ तीन दशके रोग इथिओपियाबाहेर गाजला नाही. एन्सेट बहुतेकदा फुलोऱ्याआधी किंवा फुलोऱ्याच्या सुमारास कापतात. त्यामुळे तिथे रोग पसरवण्याचे काम मुख्यतः कापणीची हत्यारे आणि रोगट रोपे करत होती, फुलांवर येणाऱ्या कीटकांना फारसा वाव नव्हता.

युगांडात तो वाव मिळाला. 2001 मध्ये मध्य युगांडातल्या मुकोनो जिल्ह्यात रोग दिसला. कायिंजा नावाच्या वाणाला सर्वाधिक फटका बसला. ही केळी मुख्यतः रस आणि बिअरसाठी लावतात. निगा कमी लागते, म्हणून शेताच्या कडेला कुठेही उभी असते. कायिंजाच्या केळफुलाची जांभळट आवरणे आणि त्यांखालची नरफुले रोज गळतात, आणि गळालेल्या जागी ताजी जखम राहते. तिथून मधासारखा रस पाझरतो. मधमाश्या, डंखहीन माश्या, फळमाश्या त्यावर येतात, रोगट झाडावरच्या जखमेत पाय बुडवून पुढच्या निरोगी केळफुलावर जातात. जिवाणू तिथून दांड्यावाटे घडात आणि खोडात उतरतो. ज्या वाणांची आवरणे आणि फुले गळत नाहीत, उदाहरणार्थ नाकितेम्बे, ते फुलावाटे लागण होण्यापासून पुष्कळसे बचावतात. उंच डोंगराळ भागातही कीटकांची ही वाट बरीच अरुंद होते.

त्यानंतरची वाट माणसांची होती. काँगोचा पूर्व भाग, रवांडा, टांझानिया, केनिया, आणि 2010 पर्यंत बुरुंडी. कीटक एका बागेतून शेजारच्या बागेत नेतात, पण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात रोग नेला तो रोपांनी, घडांनी आणि कोयत्यांनी. शेतकरी वाळकी पाने उतरवतो, जादा पिले, म्हणजे कंदातून फुटलेली नवी रोपे, काढतो, घड कापतो, आणि हे सगळे एकाच कोयत्याने. घड खरेदी करणारा व्यापारी स्वतःचा कोयता घेऊन दिवसात अनेक बागा फिरतो. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे पिले. लागण झाल्यावरही कित्येक महिने पिलू हिरवेगार दिसू शकते. नवी बाग लावणाऱ्या पाहुण्याला किंवा शेजाऱ्याला आपल्याकडची पिले देणे ही तिथली जुनी रीत आहे, आणि त्या भल्या रीतीवर स्वार होऊन रोगाने मोठे अंतर कापले.

रोग थांबवायचा कसा, या प्रश्नाचे उत्तर सुरुवातीच्या काळात फार कडक दिले गेले. एक झाड रोगट दिसले की पूर्ण बेट, म्हणजे एका कंदातून उगवलेली सगळी खोडे, कंदासकट उपटा, पुरा, आणि जमीन काही महिने मोकळी ठेवा, असा सल्ला होता. कागदावर तो बिनतोड होता. पण एक जुने बेट खणून काढणे म्हणजे घामाचे डोंगर, आणि जिथे मटोके, म्हणजे शिजवलेली कच्ची केळी, हेच रोजचे जेवण आहे, तिथे एका खोडासाठी चार निरोगी खोडे गाडायला माणसाचे हात धजावत नाहीत. शेतकऱ्यांनी हा सल्ला अर्धवट पाळला याचा दोष त्यांच्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

पुढच्या संशोधनाने त्यांची बाजू बळकट केली. एक तर हा जिवाणू यजमान झाडाशिवाय मातीत फार काळ जगत नाही, काही आठवड्यांपासून काही महिन्यांत संपतो. पनामा मराची बुरशी मात्र मातीत दशके दबा धरून बसते. दुसरे म्हणजे मातृझाड रोगट झाले तरी बेटातल्या प्रत्येक पिलात जिवाणू पोहोचतोच असे नाही. यातून रोगट खोड तेवढेच जमिनीलगत कापण्याची पद्धत आली. दिसले की कापायचे, पुन्हा दिसले की पुन्हा कापायचे. कंद जागेवर राहतो, उरलेली खोडे घड देतात, आणि सातत्य राखले तर बागेतले जिवाणूचे प्रमाण उतरत जाते. गावातल्या सगळ्यांनी मिळून केले तरच याचा उपयोग होतो, कारण शेजारच्या दुर्लक्षित कायिंजावरून माशी पुन्हा येतेच.

सोबतची दोन कामे स्वस्त आहेत. घडाची शेवटची फणी निघाली की केळफूल बेचक्याच्या काठीने पिळून तोडायचे, कोयत्याने कापायचे नाही, म्हणजे कीटकांची वाटही बंद होते आणि हत्यारही लागत नाही. कोयता वापरायचाच असेल तर प्रत्येक बेटानंतर तो विस्तवावर तापवायचा किंवा कपड्यांच्या ब्लीचच्या पाण्यात बुडवायचा.

औषध अजूनही नाही. ढोबळी मिरचीची जनुके घातलेल्या केळीच्या चाचण्या युगांडात कावांडा येथे 2010 मध्ये सुरू झाल्या, आणि त्यांतल्या काही वाणांनी रोगाला चांगला प्रतिकार दाखवला. त्या वाणांची वाट शेतकरी पाहत असताना बागेत चालते ते कोयता धुणे, केळफूल पिळणे आणि रोगट खोड वेळेत उतरवणे.