मीठ भरणारा आणि खिसा कापणारा

सिडकोत एन-सातला एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आमचा डाव बसतो. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी, सकाळी सुशीला-चहा उरकला की फासे बाहेर निघतात. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स: प्रत्येक जण एकेक पात्र होऊन बोलत-बोलत एक गोष्ट खेळतो, आणि पात्राला काय जमलं ते फासे ठरवतात. डीएम मी, म्हणजे गोष्ट चालवणारा. बाकी चौघांची चार पात्रं. मोहीम देवगिरीची. गेल्या दोन वर्षांत या टेबलावर दोघांनी आपल्याच पार्टीला, म्हणजे सोबतच्या पात्रांच्या टोळीला, दगा दिला. एकाचा विषय निघाला की अजून हसून मुरकुंडी वळते. दुसऱ्यामुळे डाव दोन महिने बंद होता.

नवीन डीएम विचारतात, ‘एखाद्या खेळाडूला व्हिलन होऊ द्यावं का?’ तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हा दुसरा असतो. म्हणून ते घाबरून नाही म्हणतात. पण तो व्हिलन नव्हताच. तो दुष्ट पात्र खेळत होता, आणि ही गोष्ट वेगळी.

आधी त्याचंच सांगतो. लातूरचा दोस्त, पात्र चोराचं, शीटवर, म्हणजे पात्राची माहिती असलेल्या कागदावर, लिहिलेलं ‘केऑटिक ईव्हिल’, बेबंद आणि दुष्ट. तिसऱ्याच सेशनला त्यानं झोपलेल्या ताईच्या झोळीतून जखमा भरायचं औषध लांबवलं. ताई म्हणजे आमच्यातली मेडिकलवाली, तिचं पात्र पार्टीची वैद्य. पुढच्या गावात त्यानं ते विकलं आणि पैसे जुगारात घालवले. मी विचारलं, ‘काय करायलास रे?’ तर म्हणे, ‘माझं कॅरेक्टरच तसंय, मी काय करू?’ पुढच्या सेशनला प्रत्येक जण आपली झोळी उशाशी बांधून झोपला. पहारा कोणी द्यायचा यावर पाऊण तास गेला. किल्ल्याचा महादरवाजा समोर, आणि आम्ही एका बाटलीवरून भांडतोय. ताई शेवटी फासे डबीत ठेवून उठली. राग तिला औषधाचा नव्हता. ‘मी रविवारचं पोस्टिंग बदलून येते, हे बघायला?’ एवढंच म्हणाली.

आता मीठ.

देवगिरीची ती कथा मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. 1296 मध्ये कडा-माणिकपूरचा सुभेदार अलाउद्दीन खलजी, अजून सुलतान व्हायचा होता, तो एलिचपूरच्या वाटेनं येऊन धडकला. यादवांचं मुख्य सैन्य राजपुत्राबरोबर बाहेर. रामदेवरायानं गडाचे दरवाजे लावून घेतले, धान्याची पोती वर चढवली, आणि पोती उघडली तर आत मीठ. असं सांगतात. ते मीठ चुकून गेलं की कुणी भरलं, या एका प्रश्नावर मी मोहीम उभी केली.

परभणीचा मित्र कोठीवाल्याचं, म्हणजे गडाचं धान्य सांभाळणाऱ्याचं, पात्र खेळत होता. पहिल्या सेशनच्या आधीच त्याला चहाच्या टपरीवर गाठलं आणि विचारलं, फितूर होतोस का? त्यानं लगेच हो म्हटलं नाही, हे मला आवडलं. तो म्हणाला, ‘पकडला गेलो तर चालंल. पण कसं पकडतील ते आधी ठरवू.’ मग आम्ही तीन खुणा ठरवल्या, ज्यांच्यावरून बाकीच्यांना त्याचा माग लागू शकेल: त्याच्या बोटांना कायम भेगा, वेढ्याच्या काळातही त्याच्या बैलांना पेंड मिळते, आणि तो अंधारीतून, म्हणजे गडाच्या काळोख्या भुयारी वाटेतून, कधीच मशाल घेऊन जात नाही, कारण वाट त्याला पाठ आहे. यातलं प्रत्येक वाक्य त्यानं टेबलावर सगळ्यांदेखत सहज बोलून टाकलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याची खरी कामं तो सेशनच्या मधल्या दिवसांत व्हॉट्सॲपवर मला सांगायचा आणि फासा मी सगळ्यांसमोर टाकायचो, फक्त कशाचा ते न सांगता.

अकराव्या सेशनला ताईनं पोतं फाडलं. मीठ. तिनं मान वर केली, परभणीकराच्या हाताकडं बघितलं आणि ओरडली, ‘आसं व्हय! म्हणून भेगा व्हय!’ खोलीत जो गोंधळ झाला, तो ऐकून खालून घरमालकीण काकू वर आल्या.

दुष्टपणा मोजायचा तर कोठीवाल्यानं अख्खा गड उपाशी मारला होता आणि चोरानं एक बाटली नेली. तरी डाव बाटलीनं मोडला. कारण कोठीवाल्याचा प्रत्येक डाव टेबलाच्या गोष्टीत भर घालत होता. चोराचा प्रत्येक डाव दुसऱ्या कुणाची तरी पाळी खात होता. भारुडात सोंग घेणारा भुताचं सोंग आणतो तेव्हा ते समोर बसलेल्यांसाठी असतं. तोच जर अंगात आलंय म्हणून समोरच्याची भाकरी पळवायला लागला, तर त्याला सोंग म्हणत नाहीत.

घोटाळा होतो तो शीटवरच्या ‘ईव्हिल’ या शब्दामुळं. 1974 साली डंजन्स अँड ड्रॅगन्स निघाला तेव्हा पात्राच्या वृत्तीचे प्रकार तीनच होते: लॉ (शिस्तीचं), न्यूट्रल (मधलं), केऑस (बेबंद). चांगलं-वाईट हा दुसरा अक्ष नंतर जोडला गेला आणि त्याच दशकात नऊ खणांचा तो तक्ता आला, जो आज टी-शर्टवरही छापतात. ‘ईव्हिल’ हे पात्राच्या स्वभावाचं नाव आहे. त्याचं गोष्टीतलं काम काय, हे तो खण सांगत नाही. ईव्हिल पात्र पार्टीशी इमानानं राहू शकतं, सावकार जसा आपल्या घरच्यांशी राहतो तसं. उलट खलनायक खेळाडूच्या शीटवर ‘गुड’ लिहिलेलं असू शकतं. आमच्या कोठीवाल्याची तर खात्री होती की रक्तपात टाळायला गड लवकर पडलेला बरा.

खेळाडूला विरोधात बसवणं हे काही आजकालचं फॅड नाही. या खेळाचं मूळच त्यात आहे. 1969 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेझलीनं ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा युद्धखेळ घेतला. त्यात प्रत्येकाला गावातली एकेक भूमिका आणि एकेक वेगळा हेतू दिलेला होता. त्या टेबलावरच्या डेव्ह आर्नसननं पुढं ‘ब्लॅकमूर’ नावाची मोहीम सुरू केली. तिथं एक खेळाडू चक्क व्हॅम्पायर होता, सर फँग. तो इतका जड व्हायला लागला की त्याला आवरायला देवाधर्माच्या बळावर लढणारं एक नवीन पात्र काढावं लागलं. तोच पुढं क्लेरिक झाला. म्हणजे आमच्या ताईचं पात्र ज्या वर्गातलं, तो वर्गच एका खलनायक खेळाडूमुळं जन्माला आला. ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘मग चोरासाठी पण काढा की एखादा.’

परवानगीचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा. पहिल्याच बैठकीत, ज्याला सेशन झिरो म्हणतात, मी सगळ्यांना विचारलं होतं: या मोहिमेत आपल्यातलाच एखादा फितूर निघू शकतो, चालेल का? चौघंही हो म्हणाले. त्यामुळं ‘कोण’ हे गुपित होतं, ‘असू शकतो’ हे नव्हतं. कॉलेजच्या सहलीत बसमध्ये माफिया खेळतात तसंच. मित्रानं तोंडावर खोटं बोललं तरी कुणी रुसत नाही, कारण चिठ्ठ्या वाटताना सगळे हजर होते. चोराच्या वेळी अशी चिठ्ठी वाटलीच नव्हती. ही चूक त्याच्याइतकीच माझी. शीटवरचा खण बघून मी मान डोलावली होती.

आणखी एक फरक फाशांचा. झोपलेल्या सोबत्याची झोळी कापायला चोर एकटा फासा टाकतो आणि समोरच्याला बहुतेक वेळा नुसतं बघत बसावं लागतं. उघड्यावर आलेल्या खलनायकाचं याच्या बरोबर उलटं होतं. बाकी तिघांच्या तीन पाळ्या, त्याची एक. साधं शीट घेऊन तो उभा राहिला तर दोन फेऱ्यांत आडवा. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत मोठ्या राक्षसांना ‘लेजंडरी ॲक्शन’ देतात, म्हणजे दुसऱ्याची पाळी संपली की मधेच हालचाल करायची मुभा, साधारण फेरीला तीनदा, ती याच कारणानं. कोठीवाल्याला मी सहा हमाल दिले, अंधारीच्या तोंडाशी पेटवायला एक शेगडी दिली (गडावरच्या खऱ्या अंधारीतही शत्रूला धुरानं कोंडायची सोय होती असं वाटाडे सांगतात), आणि एवढं करूनही तो पाचव्या फेरीला पडला. तो पडला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तो स्वतः होता. पुढच्या रविवारी नवीन पात्र घेऊन हजर.

सगळ्याच खेळांना हे लागू नाही. 1984 चा ‘पॅरानोया’ बघा. तिथं प्रत्येक पात्र गुप्त संघटनेचं सभासद आणि म्यूटंट, आणि हे दोन्ही देशद्रोहाचे गुन्हे. एकमेकांना चुगली करून मारणं हाच खेळ, म्हणून तर प्रत्येकाला सहा क्लोन दिलेले. आमच्या लातूरकरानं तिथं औषध चोरलं असतं तर शाबासकी मिळाली असती.

नवीन डीएमनं व्हिलन कुणाला करावं? जो सगळ्यात जास्त मागे लागतो त्याला सहसा नको. मला अनुभव असा की ज्याला दुसऱ्याचा सीन रंगलेला बघायला आवडतं, जो स्वतःची पाळी नसतानाही फोन काढत नाही, तो हे काम उत्तम करतो. भीती वाटत असेल तर एकाच सेशनपुरता पाहुणा बोलवा. गावाकडून आलेला चुलतभाऊ, ज्याचं टेबलावर पात्रच नाही, त्याला शत्रूचा सरदार द्या. संध्याकाळी तो परत बसमध्ये बसतो, पात्र तुमच्याकडं राहतं.

दोन महिन्यांनी डाव पुन्हा सुरू करताना मी लातूरकरालाही विचारून बघितलं. म्हटलं, चोर सोड, पुढच्या मोहिमेत तुला खरा खलनायक करतो, हमाल देतो, शेगडी देतो, पाहिजे तर भुयार देतो. तो खूश झाला. मग विचारलं, ‘शेवटी हरावं लागंल बरं का, आणि कसं हरायचं ते आत्ताच ठरवायचं.’

त्यानं बराच विचार केला. चहा गार झाला.

‘ते नको मग,’ म्हणाला. ‘मला धनुर्धारी दे.’

धनुर्धारी दिला. बरा खेळतो. ताई अजून झोळी उशाशी बांधूनच झोपते.