रमाबाईंचा संसार: भायखळ्याच्या बाजारापासून परळच्या चाळीपर्यंत

27 मे, म्हणजे स्मृतिदिन जवळ आला की रमाबाई आंबेडकरांचे फोटो सगळीकडे फिरायला लागतात, खाली त्यागमूर्ती, माउली असं लिहिलेलं असतं आणि त्यात खोटं काहीच नाही. पण त्यांनी काय सोसलं हे आपण सांगतो आणि ते त्यांच्या वाट्याला आलं कशामुळे हे मात्र राहून जातं. नवऱ्याचं शिक्षण, घरची गरिबी, मुलांचे मृत्यू एवढ्यावर गोष्ट संपते, आणि मग असं वाटायला लागतं की हे सगळं नशिबाचंच होतं. तसं नव्हतं. त्या काळचे कायदे, जात, नोकऱ्या, मुंबईतल्या चाळी हे सगळं त्या संसाराच्या मागे उभं होतं, म्हणून ही पार्श्वभूमी.

रमाबाईंचा जन्म 1898 चा, गाव वणंद, दापोलीजवळ. वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आई लवकर गेली, पाठोपाठ वडीलही गेले, आणि मग लहान भावंडांना घेऊन नातेवाईक मुंबईला आले, भायखळ्याला. कोकणातून मुंबईला येणं ही तेव्हा अगदी रोजची गोष्ट होती, रत्नागिरी जिल्ह्यातली घरंच्या घरं मुंबईच्या पगारावर चालायची, गिरणी, गोदी, रेल्वे, म्युनिसिपालिटी असं कुठे ना कुठे घरातलं एक तरी माणूस असायचंच. फक्त बाकीचे चाकरमानी बायका-मुलांना गावी ठेवून यायचे आणि ही पोरं आली ती मागे घर सांभाळायला कोणी उरलं नाही म्हणून.

सासरचं घर थोडं वेगळं होतं. रामजी सकपाळ लष्करात सुभेदार, लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले, स्वतः शिकलेले आणि मुलाने शिकावं म्हणून जीव टाकणारे. महार समाजातल्या बऱ्याच घरांमध्ये एकोणिसाव्या शतकात शिक्षण पोचलं ते पलटणीमुळे, आणि 1890 च्या दशकात सरकारने महारांची भरतीच बंद केली. हे फार महत्त्वाचं आहे, कारण रामजींना जी शिडी मिळाली ती पुढच्या पिढीला मिळणार नव्हती, मग उरलं काय तर शाळा-कॉलेज, तेही उसनवारीवर आणि स्कॉलरशिपवर. घरात सगळ्यात हुशार धाकटा भीमराव, त्याच्यावर सगळं पणाला लावायचं असं रामजींनी ठरवलं होतं, आणि त्या घरात आठ-नऊ वर्षांची सून आली.

लग्न 1906 सालचं. नवरा मुलगा पंधरा वर्षांचा, एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणारा, अजून मॅट्रिकही झालेला नाही. लग्न लागलं ते भायखळ्याच्या बाजारात, रात्री, कोळणी आणि भाजीवाले उठून गेल्यावर. उघडी शेड, एका कोपऱ्यात मुलाकडचं वऱ्हाड, दुसऱ्या कोपऱ्यात मुलीकडचं, बसायला मासे मांडायचे दगडी कट्टे, आणि खालून गटाराचं पाणी वाहतंय. सकाळी बाजार भरायच्या आत सगळं आवरून जागा मोकळी करायची. हॉल भाड्याने घ्यायला पैसे नव्हते, आणि असते तरी या जातीला हॉल देणार कोण हाही प्रश्न होताच.

आज वाचताना पहिलं डोक्यात येतं की इतक्या लहान मुलीचं लग्न कायद्याने चालायचं कसं? तर चालायचं, कारण ब्रिटिश मुंबई इलाख्यात लग्नाच्या वयाचा कायदाच नव्हता. 1891 च्या संमतीवयाच्या कायद्याने 10 चं वय 12 केलं, पण ते शरीरसंबंधाचं वय, लग्नाचं नाही, आणि तेवढ्यावरून सुद्धा पुण्यात केवढा गदारोळ झाला, टिळक स्वतः विरोधात होते. शेजारच्या बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1904 लाच मुलीला 12 आणि मुलाला 16 अशी अट घातली होती. मुंबईत तसं काही यायला 1929 चा सारडा कायदा यावा लागला, मुलगी 14, मुलगा 18, अंमल 1 एप्रिल 1930 पासून. म्हणजे रमाबाईंच्या लग्नानंतर जवळजवळ पाव शतकाने. बालविवाह हा फक्त ब्राह्मणांचा प्रश्न होता असं पुष्कळांना वाटतं, वादही त्यांच्यातच जास्त गाजले, पण लहानपणी लग्न सगळ्याच जातींत व्हायची.

लग्नानंतर संसार परळला. 1912 पासून बीआयटी चाळ नंबर 1, दुसरा मजला, खोली 50 आणि 51. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, 1896 च्या प्लेगने मुंबई हादरली तेव्हा सरकारने 1898 मध्ये तो काढला, गल्लीबोळ पाडून कामगारांसाठी चाळी बांधायला. आधीच्या एका खोलीपेक्षा समोरासमोर दोन खोल्या म्हणजे बरंच झालं म्हणायचं, पण त्यात एक अभ्यासाची खोली, आणि दुसरीत बाकीचं सगळं घर, स्वयंपाक, आजारी माणसं, बाळंतपण, पाहुणे. नळ आणि संडास सामायिक. या दोन खोल्यांमध्ये हे कुटुंब 1934 पर्यंत राहिलं, हे विसरू नये, म्हणजे महाडचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला तेव्हा रमाबाईंचा पत्ता हाच होता.

1912 च्या डिसेंबरमध्ये यशवंतचा जन्म. 1913 च्या फेब्रुवारीत रामजी गेले, म्हणजे घरातला आधारच गेला, आणि त्याच वर्षी भीमराव बडोद्याच्या स्कॉलरशिपवर न्यूयॉर्कला. 1917 ला परत. मग 1918 पासून सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर, पगार 450 रुपये, घराला पहिल्यांदा जरा श्वास मिळाला, पण त्यातलेही वाचवून 1920 ला पुन्हा लंडन, ते 1923 पर्यंत. या सगळ्या वर्षांत रमाबाई चाळीत, सोबत जाऊ लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, आणि नवऱ्याकडून येणार ती फक्त पत्रं. लंडनच्या एका पत्रात ते लिहितात की पाठवायला पैसे नाहीत, अगदीच अडलं तर दागिने मोडून खा, आल्यावर करून देईन. त्या काळी बाईचा दागिना हीच तिची एकमेव मालमत्ता, दुसरं काही तिच्या नावावर नसायचं, तेव्हा ते वाक्य लिहिणाऱ्याला आणि वाचणारीला काय वाटलं असेल याचा विचार करून बघा. रमाबाईंनी शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या आणि विकल्या ही आठवण परळ-वरळीकडे जुनी माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत.

आणि मुलं. यशवंतनंतर गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. चौघंही गेली. शेवटचा राजरत्न 1926 च्या जुलैमध्ये. त्यानंतर बाबासाहेबांनी कोल्हापूरच्या स्नेह्याला लिहिलेलं पत्र वाचलं तर कळतं की तो माणूस मुळापासून हलला होता, तीन मुलगे आणि एक मुलगी आम्ही पुरली असं त्यांनी त्यात लिहिलंय. गंगाधर गेला तेव्हा कफनाला पैसे नव्हते आणि रमाबाईंनी लुगड्याचा पदर फाडून दिला असं सांगतात.

इथेही नशीब म्हणून पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. तेव्हाच्या मुंबईत तान्ह्या मुलांचे मृत्यू भयंकर होते. 1921 साली शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेच्या वर अर्भकांचे मृत्यू नोंदले गेले. बऱ्याच बायका बाळंतपणाला गावी जायच्या, जन्म तिकडे नोंदला जायचा आणि मृत्यू इकडे, त्यामुळे हा आकडा फुगलेला आहे, पण फुगवटा काढला तरी उरतं तेही अंगावर येतं, आणि सगळ्यात जास्त मुलं जायची ती एका खोलीत राहणाऱ्यांची. खुद्द बाबासाहेबांच्या आईला, भीमाबाईंना, 14 मुलं झाली आणि जगली 5. सासू आणि सून दोघींच्या वाट्याला तेच.

सततची बाळंतपणं, उपासतापास आणि पोटभर न मिळणं याने रमाबाई खंगत गेल्या. हवापालटासाठी त्या धारवाडला बाबासाहेबांचे सहकारी बळवंतराव वराळे यांच्याकडे गेल्या होत्या, तिथल्या वसतिगृहात मुलांना खायला नाही हे कळल्यावर हातातल्या बांगड्या काढून दिल्या ही आठवण प्रसिद्धच आहे. पंढरपूरला जायची त्यांची फार इच्छा होती. बाबासाहेब नाही म्हणाले, जिथे लांबूनच हात जोडायला लागतात त्या पंढरपूरला जाऊन काय करायचं, आपण दुसरी पंढरी उभी करू, असं त्यांचं म्हणणं. यावर लोक बाबासाहेबांची बाजू घेतात आणि ती बरोबरच आहे, विठ्ठलाच्या देवळात अस्पृश्यांना जाता यायला 1947 उजाडावं लागलं. पण जिने चार मुलं गमावली तिची ती इच्छा मला त्या वाक्याइतकीच महत्त्वाची वाटते.

1934 मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृहात राहायला गेले, स्वतःचं घर, हजारो पुस्तकं, आणि जेमतेम वर्षभरात, 27 मे 1935 ला, रमाबाई गेल्या. वय फक्त 37. हिंदू धर्म सोडण्याची बाबासाहेबांची येवल्याची घोषणा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरची, ती त्यांनी ऐकली नाही. पुढे 1940 ला बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचं पुस्तक रामूच्या, म्हणजे रमाबाईंच्या, आठवणीला अर्पण केलं, त्यात हलाखीच्या आणि मित्र नसलेल्या दिवसांत तिने शांतपणे दिलेल्या साथीचा उल्लेख आहे.

आता एक गोष्ट जी रमाबाईंच्या गोष्टीला जोडून कमी वेळा सांगतात. 1928 च्या जुलैमध्ये, म्हणजे राजरत्न जाऊन दोन वर्षं झाली तेव्हा, मुंबई कौन्सिलमध्ये गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाच्या रजेत भत्ता देणारं बिल आलं आणि बाबासाहेबांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं ते बोलले. 1929 ला कायदा झाला, देशातला त्या प्रकारचा पहिला. 1938 मध्ये त्यांच्या पक्षाचे रोहम यांनी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, बाबासाहेबांनी तयार केलेलं भाषण वाचलं, वारंवारच्या बाळंतपणात बायका कशा मरतात हे त्यात सविस्तर होतं. ठराव पडला. 1942 ला नागपूरच्या महिला परिषदेत हजारो बायकांसमोर त्यांनी सांगितलं, मुलींच्या लग्नाची घाई करू नका, जास्त मुलं होऊ देणं हा गुन्हा आहे, आणि लग्न करणाऱ्या मुलीने नवऱ्याची गुलाम न होता बरोबरीची मैत्रीण म्हणून उभं राहावं. भाषणात घरचं नाव कुठे नाही, पण परळच्या त्या दोन खोल्या माहीत असलेल्या माणसाला ती भाषणं कोरडी वाटणं शक्यच नाही.