जीटीकेमधल्या बटणाचा रंग: पार्श्वभूमी

जीटीकेमध्ये (प्रोग्रामच्या विंडो, बटणं बनवायच्या लायब्ररीत) कोडमधून बटण लाल कसं करायचं हे शोधायला गेलं की तीन-चार वेगवेगळी उत्तरं हाती लागतात आणि त्यांतली बहुतेक आज चालत नाहीत. आपापल्या काळात मात्र ती सगळी बरोबर होती.

1987 मध्ये आलेल्या एक्स 11 वर (युनिक्सवर पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या प्रणालीवर) रंग ठरवणं हा मुख्यतः वापरणाऱ्याचा हक्क होता. होम डिरेक्टरीतल्या एक्सडिफॉल्ट्स फाइलमध्ये त्यानं एक ओळ लिहिली की टर्मिनल काळं व्हायचं. प्रोग्रामरनं रंग कोडमध्येच पक्का केला, तर ती ओळ वाया जायची.

गिंप या चित्र-संपादनाच्या प्रोग्रामसाठी जन्मलेल्या जीटीकेच्या दुसऱ्या आवृत्तीत (2002) रंगाची सूत्रं प्रोग्रामरकडेही आली. मॉडिफाय-बीजी हे फंक्शन बोलवायचं, विजेट (बटण, लेबल असा पडद्यावरचा घटक) द्यायचं, रंग द्यायचा. सोपं वाटे, पण रंग प्रत्येक अवस्थेसाठी वेगळा द्यावा लागे. फक्त 'नॉर्मल'चा दिला, तर माउस वर नेताच बटण पुन्हा थीमच्या रंगात. लेबलची गंमत आणखी वेगळी. त्याला स्वतःची विंडोच (पडद्यावरचा स्वतंत्र चौकोन) नसे, त्यामुळे ते रंगतच नसे. आधी ते इव्हेंटबॉक्स नावाच्या डब्यात ठेवायचं आणि तो डबा रंगवायचा. पिक्समॅप थीम असेल तर बटण चित्रातूनच काढलं जाई, मग आपला रंग कोण विचारतो!

2011 मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि थीम सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानांचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, लिहिल्या जाऊ लागल्या. जुन्या फंक्शनच्या जागी ओव्हरराइड-बॅकग्राउंड-कलर आलं, तेही 3.16 मध्ये (2015) कालबाह्य ठरलं. या आवृत्तीतली अदवैता ही मूळ थीम बटणावर ग्रेडियंट (हळूहळू बदलणारी रंगछटा) चढवते. सीएसएसच्या नियमानं ते पार्श्वचित्र असतं आणि रंगाच्या वर बसतं. रंग लागलेला असे, दिसत मात्र नसे. माझ्या मते खरं दुखणं गडद थीमचं होतं: कोडनं पार्श्वभूमी पांढरी केली, अक्षरं थीमनं पांढरी केली, वाचणार काय?

चौथ्या आवृत्तीत (डिसेंबर 2020) ओव्हरराइडची फंक्शन्स काढूनच टाकली. आता कोडनं विजेटला फक्त सीएसएस क्लास, म्हणजे नियमाला ओळखता येईल असं नाव, जोडायचा. रंगाचा नियम सीएसएस प्रोव्हायडरमधून (नियम पुरवणाऱ्या ऑब्जेक्टमधून) डिस्प्लेला द्यायचा. ठरलेल्या रंगांना ही पद्धत छान आहे. वापरणाऱ्यानं प्रोग्राम चालू असताना निवडलेला रंग दाखवायचा असेल, तर सीएसएसचा मजकूर कोडमध्येच जुळवून पुन्हा लोड करावा लागतो. त्यापेक्षा अनेकजण ड्रॉइंगएरिया हे कोरं विजेट घेऊन तो चौकोन स्वतःच रंगवतात.