कथेचे हक्क विकणं आणि कथा वापरू देणं

स्वतःची कथा स्वतःच ऑनलाइन टाकणाऱ्या लेखकाला कधी ना कधी असा निरोप येतोच: ‘कथा आवडली. आमच्या ऑडिओ चॅनेलसाठी हक्क द्याल का? मानधन देऊ.’ कुणीतरी आपलं वाचलं याचाच आनंद इतका असतो की सोबतची पीडीएफ न वाचता सही होते. त्या पीडीएफमध्ये दोनपैकी एक गोष्ट मागितलेली असते: हक्कांचं हस्तांतरण, नाहीतर वापराचा परवाना. बोलताना आपण दोन्हींना ‘हक्क दिले’ असंच म्हणतो आणि घोळ तिथेच होतो.

घर भाड्याने दिलेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार केला म्हणून घराच्या मालकाचं नाव बदलत नाही. खरेदीखत केलं की बदलतं. हस्तांतरण म्हणजे खरेदीखत, परवाना म्हणजे लिव्ह अँड लायसन्स.

मुळात कथा लिहून झाली की तिचा कॉपीराइट लेखकाचा होतो. नोंदणी केलेली असो वा नसो. (नोंदणी भांडणात पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण मालकी तिच्यावर अवलंबून नाही.) १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ही मालकी लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकते. म्हणून करारात ‘कायमस्वरूपी’ असा शब्द दिसला तर थबकायला हवं. तिशी-चाळिशीतला लेखक तिथे नातवंडांच्या वाट्याचंही लिहून देत असतो.

हस्तांतरणात जे हक्क लिहून दिले, त्यांच्यापुरता घेणारा मालक होतो. सगळेच द्यायला हवेत असं नाही. फक्त ऑडिओ, फक्त हिंदी अनुवाद, फक्त पटकथा असे तुकडे पाडता येतात. पण जो तुकडा दिला तो गेला. ऑडिओचे हक्क विकल्यावर तीच कथा स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर वाचून दाखवली, तर आपल्याच कथेच्या कॉपीराइटचा भंग आपण केलेला असतो. ऐकायला विनोदी वाटतं, पण कायद्याच्या दृष्टीने त्यात विनोद काही नाही.

मात्र याच कायद्याने लेखकाच्या बाजूने बरंच काही लिहून ठेवलंय, आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. हस्तांतरण लेखी हवं, त्यावर लेखकाची किंवा त्याने नेमलेल्या माणसाची सही हवी, नाहीतर ते वैध नाही. फोनवरचं ‘हो’ इथे चालत नाही. कोणती कथा, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे करारात नमूद व्हायला हवं. मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेणाऱ्याने एक वर्षात तो हक्क वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास तो हक्क लेखकाकडे परत येतो. २०१२च्या दुरुस्तीनंतर आणखी एक भर पडली: करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यावसायिक वापरात नव्हतं, ते त्या करारात नाव घेऊन लिहिलेलं नसेल तर हस्तांतरणात येत नाही.

‘वेगळं काही ठरलेलं नसल्यास’ हे शब्द मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावेत. कसलेला वकील करार लिहितो तेव्हा याच फटी आधी बुजवतो. ‘सर्व माध्यमांत, संपूर्ण जगात, कायमस्वरूपी, एक वर्षात वापर न झाला तरी’ अशी ओळ त्यासाठीच असते.

आता परवाना. यात मालकी हलत नाही, समोरच्याला अमुक वापर करायची मुभा मिळते. हाही लेखी असावा असं कायदा सांगतो. मुदत आणि प्रदेशाचे वरचे नियम जरूर त्या फेरफारांसह परवान्यालाही लागू होतात. बहुतेक लेखन-ॲप आपल्याकडून परवानाच घेतात. खातं उघडताना ज्या अटींवर आपण टिचकी मारतो, त्यांत तो बसलेला असतो. त्यातला एखादा परिच्छेद नीट उघडून पाहा. ‘नॉन-एक्स्क्लुझिव्ह’ म्हणजे हीच कथा दुसरीकडेही टाकायला तुम्ही मोकळे. ‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे या वापराचे पैसे मागता येणार नाहीत. ‘सबलायसेन्सेबल’ म्हणजे तुम्ही दिलेली मुभा ते तिसऱ्याला देऊ शकतात. ‘इरिव्होकेबल’ म्हणजे नंतर मन बदललं तरी मुभा मागे घेता येत नाही. मला यातल्या शेवटच्या दोन शब्दांची धास्ती जास्त वाटते. शेवटचे दोन्ही एकाच वाक्यात असतील, तर कागदोपत्री मालक राहूनही हातात फारसं काही उरत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स या सर्वांना वापराची मुभा देणाऱ्या तयार परवान्यांखाली कथा खुली करणारेही परवानाच देतात, आणि तोही मागे घेता येत नाही, पण तिथे लेखक ते जाणूनबुजून करतो.

गोंधळ सर्वांत जास्त होतो तो या दोहोंच्या मधल्या प्रकारात, म्हणजे एक्स्क्लुझिव्ह परवान्यात. मालकी लेखकाची, पण वापर फक्त परवानाधारकाचा, ठरल्यास लेखकालाही मनाई. चोरी झाली तर असा परवानाधारक स्वतः कोर्टात जाऊ शकतो, साधा परवानाधारक नाही. केडीपी म्हणजे किंडलवर स्वतःचं ई-बुक स्वतः प्रकाशित करण्याची ॲमेझॉनची सेवा. तिथे कथा टाकणाऱ्यांना याचा सौम्य अनुभव ‘केडीपी सिलेक्ट’ या योजनेत येतो. साध्या केडीपीवर ई-बुक टाकलं तर ते इतरत्रही विकता येतं. ‘सिलेक्ट’ची खूण केली की ९० दिवस ती कथा डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही नको, स्वतःच्या ब्लॉगवरही नको. छापील प्रतीला ही अट नाही. ९० दिवसांनी नोंद आपोआप पुढे चालू राहते, त्यामुळे ती खूण आठवणीने काढावी लागते. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर ‘सिलेक्ट’ घ्यावंच लागतं, नाहीतर ३५ टक्के. एखाद-दुसऱ्या कथेसाठी हा सौदा मला फारसा फायद्याचा वाटत नाही, संग्रह असेल तर विचार करावा.

दिवाळी अंकाचं काय? तिथे बहुधा करारच नसतो. कथा पाठवली, छापली, मानधन आलं तर आलं. सहीचा कागद नसल्यामुळे मालकी संपादकाकडे जात नाही. त्याला मिळते ती त्या अंकापुरती मुभा. उलट अडचण येते ती आधी ऑनलाइन टाकलेल्या कथेची. कायद्याच्या व्याख्येत लोकांपर्यंत पोचवणं हेही प्रकाशनच आहे, त्यामुळे स्पर्धेला ‘अप्रकाशित’ म्हणून ती पाठवता येत नाही.

हस्तांतरण असो वा परवाना, लेखक म्हणून आपलं नाव लागण्याचा आणि आपली बदनामी होईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो. हक्क विकून झाल्यावरही.

ऑडिओवाल्यांना उत्तर देताना मग एवढंच लिहावं: ‘अमुक कथेच्या मराठी अभिवाचनासाठी, तीन वर्षं, नॉन-एक्स्क्लुझिव्ह परवाना देतो. बाकी सर्व हक्क माझ्याकडे.’ आणि जुन्या कागदावर आधीच सही होऊन बसली असेल, तर कपाटातून काढून त्यात मुदत लिहिलीय का ते पाहावं. लिहिलेली नसेल आणि सहीला पाच वर्षं उलटली असतील, तर ते हक्क परत आलेले असतात. तसं समोरच्याला ईमेलने कळवावं आणि कथा नव्याने कुठे द्यायची ते ठरवावं.