प्रतिज्ञा पाठ झाली, शेजाऱ्याची भाषा राहून गेली

‘विविधतेने नटलेल्या परंपरांचा मला अभिमान आहे.’ महाराष्ट्रातल्या शाळेत गेलेल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारलं, तरी प्रतिज्ञेतलं हे वाक्य न अडखळता येईल. ते मुळात मराठी नाही, तेलुगू आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

पैडिमर्री वेंकट सुब्बाराव हे नलगोंडा जिल्ह्यातले, विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते. चीनशी युद्ध झालं त्या १९६२ साली त्यांनी ही प्रतिज्ञा लिहिली. पुढच्या वर्षी विशाखापट्टणमच्या शाळांतून ती म्हटली जाऊ लागली. १९६४ मध्ये बंगळूरला केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष होते तेव्हाचे शिक्षणमंत्री आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला. प्रतिज्ञा देशभरच्या शाळांत म्हणावी असं तिथे ठरलं, आणि सुरुवातीसाठी दिवस निवडला गेला २६ जानेवारी १९६५.

हीच तारीख दुसऱ्याही कारणाने नोंदवली गेली आहे. केंद्राच्या कारभारात हिंदीबरोबर इंग्रजी वापरायला राज्यघटनेने दिलेली १५ वर्षांची मुदत त्या दिवशी संपत होती. हिंदीच्या विरोधात मद्रास राज्य पेटलं, आणि आंदोलनात विद्यार्थीच पुढे होते. म्हणजे ज्या वेळी देशभरच्या मुलांच्या तोंडी विविधतेचा अभिमान येणार होता, त्याच वेळी मदुराईतली मुलं भाषेसाठी रस्त्यावर होती. दिल्लीत हा योगायोग कोणाच्या लक्षात आला असेल का, असं वाटून जातं.

तसं पाहिलं तर हा सगळा काळच धास्तीचा होता. १९५६ ची भाषावार प्रांतरचना, १९६० चा संयुक्त महाराष्ट्र, फेब्रुवारी १९६१ ची जबलपूरची दंगल. देश फुटेल की काय, ही भीती खरी होती. १९६१ मध्येच संपूर्णानंद यांच्या अध्यक्षतेखाली भावनिक एकात्मता समिती नेमली गेली. शाळेने आणि पाठ्यपुस्तकाने मुलांची मनं जोडावीत, ही अपेक्षा या वातावरणातून आली. म्हणून आपल्याकडचा विविधतेचा धडा सुरुवातीपासूनच एकीचा धडा राहिला. वेगळेपण समजून घेण्यापेक्षा त्याने काही बिघडू नये, याची काळजी त्यात जास्त.

दुसरी वाट त्याआधीच मराठीत कोणीतरी दाखवली होती. १९३० च्या सत्याग्रहात साने गुरुजींना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवलं होतं. शेजारच्या कैद्याची भाषा आपल्याला येत नाही, ही खंत त्यांना तिथे लागली. कुरळ हा जुना तमिळ नीतिग्रंथ त्यांनी मराठीत आणला. अखेरच्या वर्षांत त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली, तिचं मूळ या अनुभवात आहे. एका प्रांतातल्या माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथलं साहित्य वाचावं, तिथे जाऊन राहावं. मागणी साधी, पण मेहनतीची. ११ जून १९५० ला गुरुजी गेले. त्यांच्या माणसांनी काम चालू ठेवलं, पण शाळेच्या वेळापत्रकात आंतरभारतीला तास मिळाला नाही.

१९६८ च्या शिक्षण धोरणातल्या त्रिभाषा सूत्रात याला थोडी जागा होती. हिंदी पट्ट्यातल्या मुलांनी आणखी एक आधुनिक भारतीय भाषा, शक्यतो दक्षिणेकडची, शिकावी असं त्यात होतं. प्रत्यक्षात तिथल्या बहुतेक शाळांनी संस्कृत घेऊन तो प्रश्न मिटवला. तमिळनाडूने सूत्रच नाकारलं. महाराष्ट्रात मराठी, हिंदी, इंग्रजी झाल्यावर चौथ्या भाषेला जागा उरत नव्हती. बालभारती आठ माध्यमांतून पाठ्यपुस्तकं काढते, त्यांत कन्नड, तेलुगू आणि सिंधीही आहेत. तरी सोलापुरात मराठी शाळेतलं मूल पलीकडच्या गल्लीतल्या तेलुगू शाळेतल्या मुलाचं पुस्तक उघडून पाहत नाही.

ही पोकळी पडद्याने भरली, आणि गोडव्याने भरली. १९७४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनने ‘एक अनेक और एकता’ हा अॅनिमेशनपट काढला. त्यामागे होत्या मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे, अॅनिमेशन भीमसैन यांचं, संगीत वसंत देसाईंचं. जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पक्ष्यांची पंचतंत्रातली गोष्ट त्यांनी इतकी लाघवी केली, की दूरदर्शनवर वाढलेल्या पिढीला ती अजून चालीसकट आठवते. मग १५ ऑगस्ट १९८८ ला ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ आलं. गदग जिल्ह्यात जन्मलेले, पुण्यात राहणारे भीमसेन जोशी हिंदी ओळ गाऊन त्याची सुरुवात करतात. यापेक्षा चांगला धडा कोणता? पण एका गाण्यात चौदा भाषा म्हटल्यावर प्रत्येकीच्या वाट्याला एखाददुसरीच ओळ येणार. तमिळ ओळ आपण सगळ्यांनी ऐकली. अर्थ विचारायला कोणाकडे गेलो?

१६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, तेव्हा हा जुना हिशेब पुन्हा निघाला. १७ जूनच्या दुरुस्तीत हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा घेण्याची मुभा होती. अट एवढीच, की वर्गातल्या किमान २० मुलांनी ती मागायला हवी. बारा दिवसांत दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि अर्थतज्ज्ञ नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समितीची घोषणा झाली. वाद झाला तो हिंदी हवी की नको यावर. कन्नड मागणारी वीस मुलं कुठल्या वर्गात सापडली असती, हा प्रश्न तेवढा चर्चेत आलाच नाही.