पाण्याला निळा रंग कुठून आला?

नदीचं निसर्गचित्र फसतं ते बहुतेकदा निळ्या रंगामुळे. पाणी आपला रंग उसना आणतं, वरच्या आकाशाकडून, समोरच्या काठाकडून आणि उथळ असेल तर तळाकडून. ही नजर इंदुरात घडली ती दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ साली सुरू केलेल्या चित्रशाळेत. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे, महेश्वरचे डी. जे. जोशी, एम. एफ. हुसेन हे तिथलेच विद्यार्थी. बेंद्रे १९५० पासून बडोद्याला शिकवू लागले.

या नजरेचं मूळ मात्र फ्रान्समधल्या सीन नदीकाठचं. १८६९ च्या उन्हाळ्यात मोने आणि रेन्वार या फ्रेंच चित्रकारांनी पॅरिसजवळच्या ला ग्रेनुयेर इथे एकच पाणी शेजारी बसून रंगवलं. लाटेचा उजळ, मधला आणि गडद भाग त्यांनी सुट्या आडव्या फटकाऱ्यांनी मांडला, एकमेकांत घोटला नाही. घराबाहेर असं भराभर काम करणं सोपं झालं ते रंगाच्या नळीमुळे. १८४१ मध्ये जॉन रँड याने कथलाच्या नळीचं पेटंट घेतलं. त्याआधी तेलरंग जनावरांच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावा लागे. पत्र्याच्या पकडीतला चपटा ब्रशही तोवर आला होता. त्याचा चौकोनी ठसा म्हणजेच ती ओळखीची तुटक लाट.

१८७४ च्या प्रदर्शनातल्या मोनेच्या 'इम्प्रेशन, सूर्योदय' या चित्रावरून एका टीकाकाराने थट्टेने या शैलीला 'इम्प्रेशनिझम' हे नाव दिलं, त्यालाच मराठीत दृक्प्रत्ययवाद म्हणतात. त्या चित्राचा काळापांढरा फोटो काढून पाहावा. नारिंगी सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! सूर्य आणि भोवतीचं करडं आकाश यांचा टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, जवळपास सारखाच आहे, फरक आहे तो रंगाचा. डोळ्याला सूर्य थरथरल्यासारखा वाटतो तो याच कारणाने.

हे सगळं महेश्वरला ताडून बघता येतं. घाट नर्मदेच्या उत्तर तीरावर, तोंड दक्षिणेला. सकाळी ऊन डावीकडून, नदीच्या वरच्या अंगाने येतं आणि किल्ल्याच्या भिंतीवर तिरपं पडतं. थंडीत दुपारी सूर्य समोर असतो, म्हणून पाणी चकाकतं आणि नावा काळ्या दिसतात. पायरीजवळच्या पाण्यात आपण वरून बघतो, त्यामुळे तळाचा हिरवट-तपकिरी रंग दिसतो. पैलतीराकडे नजर तिरपी होते आणि आकाशच जास्त उमटतं. शिकणारे सगळीकडे एकच निळा लावतात, मग पाणी भिंतीसारखं उभं राहतं. प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या सरळ खाली उतरतं. उजळ बुरूज पाण्यात थोडा गडद होतो, नावेची काळी बाजू थोडी उजळते. वस्तू आणि प्रतिबिंब तंतोतंत सारखे केले की पाण्याऐवजी आरसा रंगवल्यासारखं होतं.

दुसरी मोठी चूक चिखलाची. ओल्या निळ्यावर नारिंगी ठेवून ब्रश दोन-तीनदा फिरवला की दोन्ही मरतात. ब्रश फडक्याला पुसावा, एक फटकारा द्यावा, उचलावा. बिघडलाच तर वरून थर चढवू नये, नाइफने, म्हणजे रंगाच्या पातळ सुरीने, खरवडून काढावा. बैठक दीड-दोन तासांची ठेवावी. त्यानंतर सावल्या इतक्या सरकतात की सकाळची सावली आणि दुपारचं ऊन एकाच चित्रात येतं.

जलरंगात चकाकी वेगळ्या तऱ्हेने येते. खरखरीत कागदावर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून झरकन ओढायचा. रंग उंचवट्यांवर बसतो, खळग्यांत कोरा कागद राहतो, आणि तेच उन्हाचे ठिपके. नंतर पांढरा लावून ते मिळत नाहीत.