पोटातल्या जेवणावरून मृत्यूची वेळ सांगता येते का?

टीव्हीवरच्या गुन्हेगारी मालिकांतले डॉक्टर मृतदेहावर एक नजर टाकतात आणि सांगून मोकळे होतात: खून रात्री साडेनऊ ते दहाच्या दरम्यान झाला. इतकी नेमकी वेळ सांगायची सोय वैद्यकशास्त्रात नाही. शरीराच्या तापमानावरून काढलेली वेळसुद्धा, सगळं जुळून आलं तरी, अडीच-पावणेतीन तास अलीकडे-पलीकडे धरावी लागते. आणि मे महिन्यात विदर्भातली हवाच ४२ अंशांवर असेल, तर प्रेत थंड होणार कसं?

त्याहून बेभरवशाचं म्हणजे जठरातलं अन्न. १९५९ साली कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात स्टीव्हन ट्रस्कॉट या १४ वर्षांच्या मुलाला खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली; पुढे तिची जन्मठेप झाली. मृत मुलीच्या जठरात बरंचसं न पचलेलं जेवण होतं. त्यावरून डॉक्टरांनी मृत्यूची वेळ संध्याकाळी ७.१५ ते ७.४५ अशी सांगितली, आणि नेमका तेवढाच वेळ हा मुलगा संशयाच्या घेऱ्यात येत होता. २००७ मध्ये अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून त्याची निर्दोष मुक्तता केली.

चूक कुठे होते ते जठराच्या कामातच दिसतं. मिनिटाला साधारण तीन आकुंचनं खालच्या टोकाकडे येतात. तिथला जठरनिर्गम स्नायू चाळणीसारखा वागतो: एक-दोन मिलिमीटरपेक्षा बारीक झालेला कणच पुढे जातो, बाकीचा ऐवज मागे फिरून पुन्हा घुसळला जातो. म्हणून ताक लगेच उतरू लागतं, तर भाकरी सुरुवातीला जवळजवळ जागची हलत नाही. त्यातून तेल-तूप लहान आतड्यात पोचलं की तिथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं आणि जठराचा वेग आणखी मंदावतो. मिरचीचं बी, टोमॅटोची साल दळली जातच नाही. जठर रिकामं झाल्यावर दीड-दोन तासांच्या अंतराने येणाऱ्या जोरकस लाटांची ती वाट पाहते. साल सापडली म्हणजे माणूस नुकताच जेवला होता, असं त्यामुळे म्हणता येत नाही.

हे झालं निरोगी, निवांत माणसाचं. भीती, डोक्याला मार, अफूजन्य औषधं, भरपूर दारू, जुना मधुमेह यांनी जठर तासन्‌तास रेंगाळतं. जखमी माणूस बेशुद्धीत पाच-सहा तास जगला, तरी अन्न तसंच दिसू शकतं. शिवाय मृत्यूनंतरही आम्ल आणि पेप्सिन हे पाचक विकर काही काळ आपलं काम करत राहतात. पोस्टमार्टम अहवालातल्या 'अर्धवट पचलेले अन्न' या तीन शब्दांवर तासांचा हिशोब मांडणं म्हणजे ज्योतिषच.

जठर निरुपयोगी आहे असं मात्र नाही. 'तो दिवसभर उपाशी होता' असं साक्षीदार म्हणतो आणि आत ओळखू येणारी भातशितं निघतात, तेव्हा ती साक्ष डळमळते. विषबाधेच्या संशयात तर जठर लागतंच. दोन्ही टोकं बांधून ते काढतात, उघडून तपासतात आणि बहुतेक वेळा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. बरणी गच्च भरत नाहीत, कारण आत वायू तयार होतो.

वकिलाने उलटतपासणीत विचारावं ते एवढंच: अन्न किती मिलिलिटर होतं, कोणते कण ओळखू आले, शेवटचं जेवण किती वाजता झालं हे कोणाच्या सांगण्यावरून धरलं, आणि जखम झाल्यावर माणूस किती वेळ जिवंत होता?